वाइन पर्यटन (नाशिक जिल्हा)

नाशिक जिल्ह्यातील वाइन पर्यटन म्हणजे वाइननिर्मितीसाठी लावलेल्या द्राक्षबागा व त्यांच्यालगतच्या वायनऱ्या पाहणे, तेथे तयार होणाऱ्या वाइनची चव घेणे आणि ती थेट उत्पादकाकडून विकत घेणे, या हेतूने केला जाणारा प्रवास होय. इगतपुरी, दिंडोरी, निफाड आणि नाशिक या तालुक्यांत हे पर्यटन प्रामुख्याने चालते. मुंबई, ठाणे व नवी मुंबई ही शहरे तीन ते चार तासांच्या अंतरावर असल्यामुळे येथे येणाऱ्यांत सकाळी निघून रात्री परतणाऱ्यांचे, त्यातही जोडप्यांचे व लहान मित्रगटांचे, प्रमाण लक्षणीय असते. मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने हे पर्यटन प्रसिद्धीचे साधन आहे. खेड्यातील लहान वायनरीसाठी मात्र ते बहुधा विक्रीचे सर्वांत भरवशाचे दुकान असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीचा घाटमाथा ओलांडल्यावर पावसाचे प्रमाण झपाट्याने कमी होत जाते. इगतपुरी येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जेमतेम ४५ किलोमीटर पूर्वेला असलेल्या नाशिक शहरात तो सुमारे ७०० मिलिमीटर असतो. निफाडकडे गेल्यास तो आणखी घटतो. घाटावरचे पाणी धरणांत साठवायचे आणि कोरड्या हवेच्या पट्ट्यात पीक घ्यायचे, ही द्राक्षशेतीला मानवणारी स्थिती गंगापूर, मुकणे, दारणा यांसारख्या धरणांमुळे येथे निर्माण झाली. सुमारे ६०० मीटर उंचीमुळे हिवाळ्यातील रात्री थंड असतात. निफाडचे किमान तापमान तर दर हिवाळ्यात राज्यातील नीचांकांच्या यादीत झळकते. दिवसाचे ऊन द्राक्षात साखर वाढवते व रात्रीचा गारवा त्यातील आम्लता टिकवून धरतो. वाइनला या दोहोंची गरज असते.

जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांची लागवड वाइनच्या कितीतरी आधीपासून आहे. ओझर येथे १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केलेल्या लागवडीला तिचा आरंभ मानले जाते. मांडव उभारणे, छाटणी, कलमे बांधणे, औषधफवारणी ही सारी कौशल्ये त्यामुळे गावोगावी रुळलेली होती. वाइनच्या द्राक्षाला तयार शेतकरी मिळाला, तो या वारशातून.

इतिहास

महाराष्ट्रातील आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात नाशिकमध्ये नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाली. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने तेथे फेसाळ वाइनचे उत्पादन सुरू केले. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशांतही विकली गेली. ‘शातो इंदाज’ या नावाने ओळखली जाणारी ही कंपनी पुढे आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली, परंतु सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वाइनचे द्राक्ष पिकू शकते, हे तिने दाखवून दिले होते.

नाशिकचे नाव वाइनशी जोडले गेले ते राजीव सामंत यांच्यामुळे. अमेरिकेतील नोकरी सोडून परतलेल्या सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या कौटुंबिक जमिनीवर १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां या जातींची लागवड केली. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांनी त्यांना मार्गदर्शन केले. २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. आईच्या ‘सुलभा’ या नावावरून कंपनीला हे नाव देण्यात आले. २००५ मध्ये सुलाने बागेतच लोकांसाठी टेस्टिंग रूम उघडली, आणि जिल्ह्यातील वाइन पर्यटनाचा प्रारंभ तेथूनच धरावा लागतो. तोपर्यंत कारखाना पाहायला येणारे पाहुणे असत, तिकीट काढून येणारा पर्यटक नव्हता. २००८ पासून सुरू झालेला ‘सुलाफेस्ट’ हा संगीतमहोत्सव आणि त्यानंतर उभारलेली निवासव्यवस्था यांमुळे ही बाग महानगरातील तरुण वर्गाच्या परिचयाची झाली.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत देणे, परवाने सुलभ करणे आणि विंचूर (नाशिक) व पलूस (सांगली) येथे वाइन पार्क उभारणे, या त्यातील मुख्य तरतुदी होत्या. परिणामी पुढील सात-आठ वर्षांत डझनावारी लहान वायनऱ्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी अनेकांचे मालक स्वतः द्राक्ष बागायतदार होते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला कालांतराने भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

वाइनचे द्राक्ष आणि खाण्याचे द्राक्ष

नवी मुंबईकरांना नाशिकचे द्राक्ष परिचित असते ते वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीमुळे. जानेवारी ते एप्रिल या काळात तेथील फळबाजारात थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस या जातींच्या पेट्या उतरतात. वाइनचे द्राक्ष या बाजारात कधीच दिसत नाही, कारण ते वेगळ्या जातींचे असते. कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, झिन्फाण्डेल, तेम्प्रानियो या लाल वाइनच्या, तर शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, व्हिओनिये या पांढऱ्या वाइनच्या जाती होत. त्यांचे मणी लहान, सालीने जाड व बियांचे असतात. खाण्याच्या द्राक्षात मणी फुगवण्यासाठी जिबरेलिक आम्ल वापरतात व घडाची विरळणी करतात. वाइनच्या द्राक्षात मणी फुगणे हा दोषच ठरतो, कारण रंग, टॅनिन आणि सुगंध यांचा मोठा भाग सालीत असतो व मणी जितका मोठा तितके सालीचे प्रमाण कमी होते.

या फरकाचे आर्थिक परिणाम दूरगामी आहेत. थॉमसनला व्यापाऱ्याने भाव पाडला तर शेतकरी तो माल दुसऱ्या व्यापाऱ्याला देऊ शकतो, वाशीला पाठवू शकतो, निर्यातदार शोधू शकतो किंवा अगदीच नाइलाज झाल्यास बेदाणा करू शकतो. कॅबर्नेच्या बागायतदारासमोर असे पर्याय नसतात. त्याचा माल कराराने ठरलेली वायनरीच घेते, आणि तिने हात वर केल्यास तो खाण्यासाठी विकला जात नाही.

२००८–०९ मध्ये नेमके हेच घडले. जागतिक मंदी आणि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेल व पर्यटन व्यवसाय मंदावला आणि वाइनची मागणी घसरली. टाक्यांत आदल्या हंगामाची वाइन शिल्लक असताना नव्या हंगामाची द्राक्षे तयार झाली. अनेक वायनऱ्यांनी करार केलेला माल उचलला नाही, काहींनी उचलला पण पैसे थकवले. वेलीवरच घड सुकू देण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. त्यानंतर कित्येकांनी वाइनच्या वेली उपटून किंवा त्यांच्या खुंटावर कलम करून पुन्हा खाण्याच्या जाती घेतल्या. लहान वायनऱ्यांपैकी बऱ्याच बंद पडल्या, काहींनी मोठ्या कंपन्यांसाठी कंत्राटी उत्पादन पत्करले. ज्या टिकल्या, त्यांतील अनेकांनी वितरकावर विसंबून राहण्याऐवजी ग्राहकाला बागेपर्यंत आणण्याचा मार्ग धरला. आज पर्यटकाला दिसणारी गावातील टेस्टिंग रूम ही अनेक ठिकाणी त्या संकटाची उपज आहे.

हंगाम आणि छाटणी

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पूर्ण सुप्तावस्थेत जाते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात काढणी होते. महाराष्ट्रात वेलीला झोपवण्याइतकी थंडी पडत नाही. त्यामुळे येथे वर्षातून दोनदा छाटणी करून एकच पीक घेण्याची पद्धत रूढ झाली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी केली जाते. तीत वेलीवरील जुनी वाढ काढून टाकतात व उन्हाळ्यात फुटणाऱ्या नव्या काडीत पुढच्या पिकाची घडनिर्मिती होते. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोड्या बहराची छाटणी होते व तिच्यातून फळ धरते. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते.

पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. वेलीवर घड, तोडणी आणि क्रशिंग पाहायचे असेल, तर जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पूर्वार्ध हाच काळ योग्य. जून-जुलैत बागा हिरव्यागार असतात, पण त्यांत एकही घड नसतो. पावसाळी सहलीला आलेली मंडळी ‘द्राक्षे कुठे आहेत?’ असे विचारतात, तेव्हा मार्गदर्शकांना दोन छाटण्यांचे हे गणित पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते. मे महिन्यात छाटलेल्या वेली उन्हात उभ्या असतात. त्या वेळी बागेपेक्षा टाक्या व पिंपे असलेला गार भाग अधिक बरा.

हंगामातील जोखीमही याच महिन्यांत असते. फुलोऱ्यात पाऊस झाल्यास केवडा (डाउनी) रोग बळावतो, कोरड्या थंडीत भुरी येते, आणि काढणीच्या तोंडावर गारपीट झाली तर वर्षाची मेहनत काही मिनिटांत जाते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्यातील द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले होते. छाटणी, विरळणी व तोडणीची कामे बव्हंशी पेठ, सुरगाणा व आसपासच्या आदिवासी भागांतून टोळ्यांनी येणारे मजूर करतात. वायनरीच्या माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो, पण काढणीच्या काळात पहाटे बागेत पोहोचलेल्या पर्यटकाला वायनरीत सर्वप्रथम दिसतात ते हेच लोक. उन्हाने द्राक्षे तापण्याआधी तोडणी उरकावी लागते, म्हणून त्यांचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो.

वायनऱ्यांचे पट्टे

नवी मुंबईहून घाट चढून आल्यावर प्रथम लागतो तो इगतपुरी तालुक्यातील कावनई–सांजेगाव परिसर. मुकणे धरणाच्या जलाशयाजवळ शैलेंद्र पै यांनी स्थापन केलेली व्हालोने ही लहान वायनरी येथे आहे. मर्यादित उत्पादन, फ्रेंच जातींवरील भर आणि जलाशयाकडे पाहणाऱ्या मोजक्या खोल्या यांसाठी ती ओळखली जाते. याच भागात ग्रोव्हर झाम्पा या कंपनीची वायनरी आहे. कर्नाटकातील ग्रोव्हर आणि सांजेगावची झाम्पा या दोन उद्योगांचे २०१२ मध्ये विलीनीकरण होऊन ही कंपनी अस्तित्वात आली.

दुसरा पट्टा नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर–सावरगाव मार्गावर आहे. सुला आणि तिच्या शेजारची यॉर्क या दोन्ही वायनऱ्या तेथे असून, गुरनानी कुटुंबाने उभारलेली यॉर्क २०२१ मध्ये सुलाने विकत घेतली. गंगावऱ्हे येथील सोमा ही वायनरीही जवळच आहे. शनिवार-रविवारी या रस्त्यावर वाहनांची इतकी गर्दी होते की ‘ग्रामीण वायनरी’ हे वर्णन तेथे नावापुरतेच उरते.

दिंडोरी व निफाड हा तिसरा, तुलनेने शांत पट्टा. दिंडोरी तालुक्यात चारोसे गावच्या नावावरून ओळखली जाणारी चारोसा ही वायनरी उभी राहिली. मोएट हेनेसी या फ्रेंच उद्योगसमूहाने ‘शांदों’ या फेसाळ वाइनचे भारतातील उत्पादन २०१३ मध्ये सुरू केले, तेही याच तालुक्यात. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथे यतीन पाटील यांची ‘रेव्हेलो’ ही वायनरी आहे. द्राक्ष बागायतदाराच्या कुटुंबातून उभी राहिलेली ही वायनरी इटालियन जातींचे प्रयोग करण्यासाठी प्रसिद्ध झाली. पिंपळगाव बसवंत व विंचूर भागातही वायनऱ्या आहेत, मात्र त्या सर्वच पर्यटकांसाठी खुल्या नसतात.

नवी मुंबईहून एका दिवसाची सहल

वाशीहून इगतपुरी सुमारे ११५ आणि नाशिक सुमारे १६० किलोमीटर आहे. जुना मार्ग भिवंडी, शहापूर व कसारा घाटावरून मुंबई–आग्रा महामार्गाने जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडी) हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्यातील सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो. या महामार्गावर दुचाकींना मनाई असल्याने मोटारसायकलवर निघालेल्या जोडप्यांना जुन्याच रस्त्याने जावे लागते. रेल्वेने जायचे झाल्यास वाशी किंवा पनवेलहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाणे, तेथून कल्याण आणि पुढे नाशिककडे जाणारी गाडी, असा क्रम असतो. इगतपुरी व नाशिक रोड ही सोयीची स्थानके असली तरी तेथून वायनरीपर्यंत भाड्याच्या वाहनाशिवाय गत्यंतर नसते.

जाण्यायेण्यात सहा-सात तास जातात, हे लक्षात घेतल्यास एका दिवसात दोन वायनऱ्या निवांतपणे आणि तीन धावपळीने पाहता येतात. तिन्ही पट्टे एकाच दिवसात गाठण्याचा प्रयत्न केल्यास दिवस गाडीतच सरतो. सुटसुटीत आखणी म्हणजे सकाळी सांजेगावची एक लहान वायनरी, तेथेच जेवण आणि दुपारी गंगापूर रस्ता किंवा सरळ परतीचा प्रवास. लहान वायनऱ्यांत मार्गदर्शक नेमलेला असतोच असे नाही. अनेकदा वाइन बनवणारी व्यक्तीच पाहुण्यांना टाक्यांपाशी नेते. त्यामुळे आगाऊ दूरध्वनी करणे आवश्यक ठरते, विशेषतः काढणीच्या दिवसांत, कारण तेव्हा साऱ्यांचे हात कामात गुंतलेले असतात. नाशिकला आलेले अनेक जण वायनरीआधी मिसळ खातात. तिखट रश्शानंतर जिभेला पांढऱ्या वाइनमधील फारसे काही कळत नाही, हे सांगण्याचे काम टेस्टिंग रूममधील कर्मचारी शक्य तितक्या सौम्यपणे करतात.

टेस्टिंगचे स्वरूप

भेटीची सुरुवात बहुधा बागेतून होते. त्यानंतर द्राक्षे निवडण्याची जागा, क्रशर, प्रेस, पोलादी टाक्या आणि ओक लाकडाची पिंपे दाखवली जातात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षाचा रस सालीपासून लगेच वेगळा करून थंड टाक्यांत आंबवतात, तर लाल वाइनसाठी साल, बिया व रस एकत्रच आंबवून रंग उतरवून घेतात. रोझे वाइनमध्ये साल काही तासांपुरतीच रसात ठेवली जाते. लाल वाइनचा रंग गरातून येतो, ही समजूत येथे हमखास दूर होते: कॅबर्नेचा मणी पिळला तर त्याचा रस जवळजवळ रंगहीन निघतो. साधारण एका बाटलीसाठी किलोभरापेक्षा थोडी अधिक द्राक्षे लागतात.

चव घेण्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे असतो. आधी फेसाळ, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड वाइन. प्रत्येक वाइन साधारण ३० मिलिलिटर दिली जाते. पेला देठाला धरावा, आधी रंग पाहावा, मग पेला फिरवून वास घ्यावा आणि घोट तोंडात घोळवावा, असे सांगितले जाते. शेजारी ठेवलेले भांडे घोट थुंकण्यासाठी असते. व्यावसायिक परीक्षक त्याचा नियमित वापर करतात, भारतीय पर्यटक क्वचित करतात. पाहुणचारात दिलेले थुंकणे आपल्याकडे असभ्य वाटते, हे त्याचे एक कारण असावे. त्यातच दिलेल्या शुल्काची वसुली करण्याची भावनाही मिसळते.

मात्र मात्रेचा हिशेब ठेवणे हिताचे असते. पाच वाइनचे प्रत्येकी ३० मिलिलिटर म्हणजे १५० मिलिलिटर, अर्थात एक पूर्ण पेला झाला. वाइनमध्ये १३ टक्के मद्यार्क धरल्यास त्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. तीन वायनऱ्यांत हेच केले तर ४५० मिलिलिटर, म्हणजे बाटलीचा निम्म्याहून अधिक भाग, प्रत्येकाच्या पोटात गेलेला असतो, तोही ‘नुसती चव घेतली’ या समजुतीत. पुढे किमान तीन तासांचा महामार्ग असतो. दोघांच्या सहलीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण वाहन चालवणारा तिसरा कोणी नसतो. एकाने वास घेऊन व थुंकून चव घेणे, चालक ठेवणे किंवा मुक्काम करणे हे त्यावरचे मार्ग आहेत. काही जोडपी जाताना व येताना चालवण्याची पाळी बदलतात, परंतु त्याचा उपयोग परत येताना चालवणाऱ्याने दिवसभर संयम पाळला तरच होतो.

थेट विक्रीचे महत्त्व

महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात प्रत्यक्षात व्हिस्की, रम व बिअर यांचाच खप मोठा असतो, आणि वाइनच्या वाट्याला एखादी फळी येते. त्या फळीवर जागा मिळवण्यासाठी उत्पादकाला वितरक, दुकानदाराचा नफा, सवलती व उधारी हे सारे सांभाळावे लागते. राज्याबाहेर विकायचे तर प्रत्येक राज्यात लेबलची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र शुल्क व स्वतंत्र परवाना लागतो. लाखो बाटल्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च पेलतो, पण काही हजार बाटल्या करणाऱ्या वायनरीला तोच खर्च दर बाटलीमागे जड पडतो. बागेत आलेल्या ग्राहकाला विकलेल्या बाटलीवर यांतील बराचसा भार नसतो, पैसे रोख मिळतात आणि कोणती वाइन लोकांना आवडते हे मालकाला समोरासमोर कळते. शिवाय टेस्टिंग शुल्क, जेवण व खोल्या यांचे उत्पन्न द्राक्षाच्या हंगामावर अवलंबून नसते.

राज्य शासनाच्या वाइन उद्योग प्रोत्साहन योजनेचाही लहान उत्पादकांना आधार असतो. वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के रक्कम उत्पादकाला परत देण्याची तरतूद तीत आहे. मध्यंतरी खंडित झालेली ही योजना जानेवारी २०२४ मध्ये पुढील पाच वर्षांसाठी पुन्हा लागू करण्याचा निर्णय झाला. परताव्याचे पैसे उशिरा येतात, तेव्हा त्याची झळ आधी लहान वायनरीला आणि तिच्यामार्फत करारदार शेतकऱ्याला बसते.

पर्यटनामुळे गावात रोजगार आला, हे खरे असले तरी त्याची वाटणी सारखी नाही. टेस्टिंग रूममध्ये इंग्रजी बोलणारे, हॉटेल व्यवस्थापन शिकलेले तरुण लागतात व ते बहुधा नाशिक शहरातून येतात. गावातल्यांना बाग, स्वयंपाकघर, सुरक्षा व स्वच्छता ही कामे मिळतात. गंगापूर रस्त्यालगत जमिनींचे भाव वाढल्याने काही शेतकऱ्यांनी बागेपेक्षा रिसॉर्टला जागा देणे पसंत केले. वाइन पर्यटनानेच द्राक्षबाग हटवावी, असा हा उफराटा प्रकार आहे.

कायदेशीर बाबी

महाराष्ट्रात मद्याचे नियमन १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये होते. त्यानुसार मद्य बाळगणे व पिणे यांसाठी परवाना आवश्यक असून तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन असा मिळतो. वायनऱ्यांत टेस्टिंगपूर्वी वयाचा पुरावा मागितला जातो. गांधी जयंती व मतदानाशी संबंधित दिवस यांसारख्या ‘ड्राय डे’ला टेस्टिंग व विक्री बंद राहते. अशा दिवशी बाग पाहता येत असली तरी लांबून आलेल्यांची निराशा होते. विकत घेतलेल्या बाटल्यांचे बिल प्रवासात जवळ ठेवणे इष्ट असते.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वाइन आणि अन्य मद्य असा भेद हे कलम करत नाही.

वाद

वाइनला शेतमालाचे प्रक्रियापदार्थ मानावे की मद्य, हा वाद राज्यात जुना आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फूट क्षेत्रफळाच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला मुभा देण्याचा निर्णय घेतला. शाळा व प्रार्थनास्थळांजवळील दुकाने आणि दारूबंदी असलेले जिल्हे त्यातून वगळले होते. द्राक्ष उत्पादकांना नवी बाजारपेठ मिळेल, असे समर्थन सरकारने केले. भारतीय जनता पक्षाने निर्णयाला विरोध केला, आणि अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचा दाखला दिला गेला. राज्यातील द्राक्षांचा फार मोठा भाग खाण्यासाठी व बेदाण्यासाठी जातो आणि वाइनसाठी त्याचा लहानसा हिस्साच लागतो, हा विरोधकांचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे. त्या लहान हिश्श्यातील शेतकऱ्याला दुसरा ग्राहक नसतो, ही समर्थकांची अडचणही तितकीच खरी आहे. व्यसनमुक्ती क्षेत्रातील कार्यकर्ते वाइन पर्यटनाच्या जाहिरातींत मद्यपानाला दिल्या जाणाऱ्या प्रतिष्ठेवर आक्षेप घेतात. पाण्याचा मुद्दा वेगळा आहे. वाइनच्या द्राक्षाला ठिबकवर तुलनेने कमी पाणी पुरते, परंतु रिसॉर्ट, हिरवळी व जलतरण तलाव यांची गरज द्राक्षापेक्षा वेगळी असते आणि उन्हाळ्यात धरणालगतच्या गावांतही पाणीटंचाई जाणवते.

जिल्ह्याबाहेरील ठिकाणे

सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात असलेली फ्रातेली ही वायनरी मोहिते-पाटील कुटुंब व इटालियन भागीदार यांच्या सहकार्यातून उभी राहिली. नवी मुंबईहून तेथे जाण्यास मुक्कामाची तयारी लागते. एका दिवसात होण्याजोगा पर्याय पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू–घोलवड पट्ट्यातील चिकूला भौगोलिक निर्देशांक लाभला असून, त्यापासून फळांची वाइन करण्याचा उद्योग ‘फ्रुझांते’ या नावाने तेथे चालतो. नाशवंत असल्यामुळे बाजारात मातीमोल होणाऱ्या चिकूला त्यातून दुसरा ग्राहक मिळाला आहे.